दादाचा दुसरा डोळा

“हे हात घेऊन माझ्या दारात उभा राहू नकोस!”

वहिनीचा आवाज एवढा चढलेला त्या घरानं सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता. जिना उतरणारी शेजारीण जागच्या जागी थबकली, आणि मग आपण काहीच ऐकलं नाही असं दाखवत घाईघाईनं खाली निघून गेली. दाराबाहेर बारक्या उभा होता… छत्तीस वर्षांचा, डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं करणारा डॉक्टर, हातात औषधांची पिशवी, मान खाली घातलेली. आणि दाराच्या आत, कोपऱ्यातल्या खुर्चीत, उजव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेला दादा बसला होता. त्याच्या छातीत एक वाक्य असं अडकून पडलं होतं, की ते ना ओठांवर येत होतं, ना आत जिरत होतं.

“वहिनी, थेंब तेवढे… दर दोन तासांनी घालायचेत. पिवळ्या झाकणाचे आधी.”

“ठेव तिथे खाली. घालीन मी. दहा वर्षांचा होतास तू, मी या घरात आले तेव्हा! तुला ताप आला की यांच्या आधी मी उठायचे… आणि तू त्याच माणसाचा डोळा घालवलास! तुझ्याच तोंडानं सांगितलंस ना मला, ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं राहून? ‘वहिनी, माझ्या हातून दादाचा डोळा गेला,’ असं म्हणालास ना?”

“हो. म्हणालो.”

“मग आता काय राहिलंय तुझं इथे?”

बारक्यानं पिशवी खाली ठेवली. जाण्याआधी त्यानं एकदाच, फक्त एकदाच, वहिनीच्या खांद्यावरून आत पाहिलं. दादाच्या उरलेल्या डोळ्याशी त्याची नजर भिडली. त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर ती दादाला सोसली असती! तिथे होती फक्त माया, आणि एक विलक्षण थकवा. दादानंच मान वळवली.

दार बंद झालं. जिन्यावरची पावलं खाली खाली विरत गेली… आणि दादाच्या तोंडातून ब्रसुद्धा निघाला नाही.

साऱ्या इमारतीत त्या दोघांना ‘दादा’ आणि ‘वहिनी’ म्हणूनच ओळखत, कारण बारक्या त्यांना त्याच नावांनी हाका मारत मोठा झाला होता. आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा बारक्या आठ वर्षांचा होता आणि दादा बावीसचा. बंदरावर क्रेन चालवायचं शिक्षण नुकतंच सुरू झालेलं. त्या दिवसापासून दादाचं आयुष्य दोन जागी वाटलं गेलं: धक्क्यावरच्या क्रेनची ती उंच काचेची केबिन, आणि खाली दोन खोल्यांच्या घरातला तो अभ्यास करणारा पोरगा. चाळीस मीटर उंचीवर बसून, पायाखालच्या काचेतून खाली बघत, वीस टनांचा कंटेनर जहाजाच्या पोटात असा अलगद टेकवायचा की पाणी भरलेला पेला ठेवला तरी सांडू नये! बंदरावर दादाच्या नजरेचा दबदबा होता. जाड चष्मा लावणारा हा माणूस वितीचंही अंतर चुकत नाही, म्हणून नवे ऑपरेटर त्याची क्रेन बघायला मान वर करून उभे राहत. दादा-वहिनीला स्वतःचं मूल झालं नाही. पण त्याची खंत करायला वेळ तरी कुठे होता? बारक्याच्या परीक्षा होत्या, बारक्याचे निकाल होते, बारक्याचा पहिला पांढरा कोट होता. तो कोट वहिनीनं स्वतः इस्त्री केला आणि तिघंही त्याच्याकडे असे बघत बसले, जसं काही घरात कुणी मोठा पाहुणा आलाय!

म्हणूनच, दादाच्या उजव्या डोळ्यापुढे एके दिवशी खालून काळी सावली चढू लागली आणि “डोळ्याचा पडदा सुटतोय, लगेच ऑपरेशन करावं लागेल” असं निदान झालं, तेव्हा दादा घाबरला तर नाहीच, उलट त्याच्या मनात एक अभिमानाची लहर उठली. आता माझा बारक्या माझा डोळा वाचवणार!

बारक्या तयार नव्हता. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या मोठ्या डॉक्टरबाईही नको म्हणत होत्या. “आपल्या माणसावर आपण हत्यार धरू नये,” त्या म्हणाल्या. पण दादा हट्टाला पेटला. “माझ्या डोळ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. सांगून ठेवतो!” शेवटी दोघांनीही मान तुकवली.

आणि त्या हट्टाच्या पोटीच ते खोटं जन्माला आलं.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस दादाला खोकला होता. कोरडा, उबळ येणारा, साधाच. पण बारक्यानं सहज सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. हे ऑपरेशन डोळ्यापाशी इंजेक्शन देऊन, माणूस जागा असतानाच करतात. ज्याला खोकला असतो त्याला पूर्ण झोपवावं लागतं, आणि ती सोय या इस्पितळात नाही. म्हणजे दुसरं इस्पितळ, दुसरे डॉक्टर, परके हात! आदल्या संध्याकाळी बारक्या घरी आला, तेव्हा दादा न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून खोकून घेतलं. सकाळी नर्सनं कागद हातात घेऊन विचारलं, “सर्दी, खोकला, काही?”

“छे! ठणठणीत आहे.”

एवढंच. तीन शब्द!

पुढचं सारं दादानं त्या हिरव्या कापडाखाली पडून ऐकलं. डोळा बधिर होता, पण कान जागे होते. यंत्राची बारीक किरकिर, बारक्याचा शांत, ठाम आवाज. “कापायचा वेग कमी… दिवा थोडा डावीकडे…” केवढं समाधान वाटत होतं त्याला! नर्सनं त्याचा हात हातात धरून बजावलं होतं, खोकला किंवा शिंक आलीशी वाटली तर आधी हात दाबा, आम्ही थांबू. आणि अर्ध्या तासानं घशात ती खवखव उठली. दादानं श्वास कोंडला. हात दाबला असता तर सगळंच उघडं पडलं असतं! तो आवरत राहिला, आवरत राहिला… आणि मग सारं अंग हादरवून टाकणारी उबळ एकदम फुटून बाहेर आली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बधिर डोळ्याच्या मागे, खोल आत, काहीतरी फुगत चालल्यासारखी भयंकर कळ उठली.

“थांबा!” बारक्याचा आवाज दादानं असा कधीच ऐकला नव्हता. “आतून रक्त येतंय… मागचा थर उचलतोय… प्रेशर वाढवा. अजून वाढवा! सगळी छिद्रं बंद करा…” आणि त्यानंतर, अगदी हळू, ओठातल्या ओठात: “दादा… दादा रे…”

त्यांनी डोळा बंद करून वाचवायची शिकस्त केली. दहा दिवसांनी साचलेलं रक्त काढायला मोठ्या बाईंनी त्याला पुन्हा एकदा आत घेतलं. पण उजव्या डोळ्याला दिवा लागलाय की विझलाय एवढंच कळू लागलं. त्यापलीकडे काही नाही.

दादाला क्रेनवरून खाली उतरवलं गेलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, आणि अंतर न कळणाऱ्या माणसाच्या हाती वीस टन कोण देणार? त्याला धक्क्यावरच्या कचेरीत एक टेबल मिळालं. खिडकीतून आपली क्रेन दुसरा कुणी चालवताना दिसे, आणि लोक हळहळून म्हणत, “सख्ख्या भावाच्या हातून व्हावं हे…!” आणि दादा, ज्यानं आयुष्यात कुणाला अर्धा शब्द खोटा सांगितला नव्हता, तो गप्प बसे. आज सांगू, उद्या सांगू… पण एकेक दिवस गेला तसं ते वाक्य जड जड होत गेलं. वहिनी बारक्याचं नाव निघालं की ताट सारून उठायची. दादाच्या घशाखालीही मग घास उतरत नसे, आणि ती बिचारी समजायची, डोळ्याच्या दुःखानं जेवत नाहीत!

तीन महिने असे गेले. चौथ्या महिन्यात, दाढी करताना, आरशातल्या आपल्या चेहऱ्याच्या कडेला दादाला वीज चमकल्यासारखी दिसली. एकदा… दोनदा. मग वरून काजळी भुरभुरावी तसे काळे ठिपके खाली येऊ लागले.

डावा डोळा! एकुलता एक उरलेला डोळा!

“अगं,” त्यानं शांतपणे हाक मारली, “चपला घाल. इस्पितळात जायचंय.”

मोठ्या बाईंनी बराच वेळ तपासलं. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ अशा त्या बाई, पण दिवा बाजूला केला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“वरच्या बाजूला फाटलंय. पडदा सुटायला लागलाय. मधला भाग अजून जागेवर आहे, म्हणून नजर आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. मी करीन.”

वहिनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. दादा मात्र म्हणाला, “माझा भाऊ करील.”

“काय?” दोघी एकदमच उद्गारल्या.

“तुम्हाला वेड लागलंय का हो?” वहिनी ताडकन उभी राहिली. “एक घेतला तो पुरे नाही झाला?”

“आणि तो करणार नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तीन महिने झाले, तुमच्या भावानं हत्यार हातात धरलेलं नाही. पलीकडच्या खोलीत बसून चष्म्याचे नंबर काढतो! ज्याच्यासारखा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही, तो मुलगा दिवसभर लोकांना ‘वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा’ करत बसलाय. पण त्याला बरं करण्यासाठी तुम्ही आपला डोळा पुढे करणार असाल, तर मी ते होऊ देणार नाही. डोळा म्हणजे काय औषधाची बाटली आहे?”

दादाच्या काळजात चर्र झालं. चष्म्याचे नंबर! त्याचा बारक्या!

“बाई,” त्यानं विचारलं, “त्या दिवसाच्या ऑपरेशनचं तुम्ही लोक काही लिहून ठेवता ना? त्यात काय लिहिलंय त्यानं?”

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग कपाटातून फाइल काढली, पान उलटलं आणि वाचलं. “‘ऑपरेशन चालू असताना रुग्णास खोकल्याची उबळ आली, त्यानंतर मागच्या थरात रक्तस्राव. ऑपरेशनपूर्वी खोकल्याबद्दल मी स्वतः पुन्हा विचारून खात्री करून घेतली नाही. ही चूक माझी आहे.’ खाली सही.”

बाईंनी फाइल मिटली.

“खोकला?” वहिनीनं हळूच विचारलं. “कसला खोकला?”

आणि तीन महिने छातीत अडकलेलं ते वाक्य अखेर बाहेर पडलं.

“मला चार दिवस खोकला होता गं. मी लपवला. तुझ्यापासून, त्याच्यापासून, सगळ्यांपासून! नर्सनं विचारलं तेव्हा धडधडीत खोटं बोललो. मला दुसरीकडे पाठवतील, बारक्याच्या हातून ऑपरेशन होणार नाही, म्हणून! माझ्या भावाची फुशारकी मारायची होती मला… डोळा त्यानं नाही घालवला. मी घालवला. आणि तू त्याला दारातून हाकललंस, तेव्हा मी खुर्चीत बसून ऐकत होतो… ऐकत होतो मी, आणि गप्प बसलो!”

दादाचे दोन्ही डोळे वाहत होते. रडायला त्या मेलेल्या डोळ्यालाही येत होतं.

वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. ती वळली, दार उघडून बाहेर गेली, आणि तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेला दादाला ऐकू आला. थोड्या वेळानं तो आवाज परत आला, पण आता त्याच्याबरोबर आणखी एक पाऊल होतं. तिनं बारक्याला मनगट धरून, शाळा चुकवणाऱ्या पोराला आणावं तसं ओढत आणलं होतं! त्याच्या दुसऱ्या हातात अजून अक्षरांचा तक्ता दाखवायची छडी होती.

“बस इथे,” ती म्हणाली. “तुला ठाऊक होतं. यांनी खोकला लपवला हे तुला ठाऊक होतं, आणि तू माझ्यासमोर येऊन सगळं आपल्या अंगावर घेतलंस. का रे? मी तुला तोडून टाकलं तरी तू का नाही बोललास?”

“काय बोलू वहिनी?” बारक्या जमिनीकडे बघत म्हणाला. “डोळा गेलेल्या माणसाला, ‘तुझ्यामुळेच गेला’ असं सांगू? माझ्या दादाला? त्यापेक्षा तू मला शिव्या दिलेल्या परवडल्या. आणि चूक माझीही होतीच. नर्सनं विचारलं म्हणून मी विचारलं नाही. भाऊ आहे, खोटं कशाला बोलेल, असं धरून चाललो. परका पेशंट असता तर मी स्वतः विचारलं असतं.”

“खरंय ते,” मोठ्या बाई मध्येच म्हणाल्या. “आणि दोघांनीही ऐका. एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्यात असा रक्तस्राव खोकल्याशिवायही होतो. माझ्या हातूनही झालाय. पण त्यानंतरच्या सोमवारी मी परत उभी राहिले होते.”

वहिनीनं बारक्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि त्यांच्यावर कपाळ टेकून ती अशी हमसून रडली, की मोठ्या बाईही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“बारक्या,” दादा म्हणाला, “उद्या माझा डावा डोळा तू करायचा.”

“नाही दादा. बाई करतील. माझे हात कापतात. चष्म्याची भिंगं बदलतानासुद्धा कापतात.”

“ऐक. मी क्रेनवर चढलो त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक कंटेनर निसटला होता. धक्क्यावर पडला, फुटला. कुणाला लागलं नाही, पण मी केबिनमध्ये बसून लटलट कापत होतो. मग कळलं, कागदावर बारा टन लिहिलं होतं आणि आत होता एकोणीस टन माल! वजन खोटं सांगितलं होतं. मुकादमानं मला खाली उतरू दिलं नाही. म्हणाला, ‘हात तुझा चुकला नाही, कागद चुकला, आता खरं वजन सांगतो, उचल.’ आणि मी उचलला… बारक्या, मी तुला वजन खोटं सांगितलं रे! आता खरं सांगतो. खोकला नाही. ताप नाही. रक्तदाब नेहमीचाच आहे. तुझी दया येऊन मी हा डोळा देत नाहीये. मला दिसायला हवंय! तुझी वहिनी मला दिसायला हवी. आणि त्यासाठी या जगात मला जो हात सर्वांत भरवशाचा वाटतो, तो मी मागतोय. माझा तेवढा अधिकार आहे की नाही?”

बारक्यानं मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला.

“मी बाजूला बसेन,” त्या शेवटी म्हणाल्या. “हातमोजे घालून. तुझं बोट केसभर हललं, तर मी तुला उठवीन आणि स्वतः बसेन. भावाबिवाचं काही ऐकणार नाही. कबूल?”

मग वहिनी डोळे पुसत म्हणाली, “मी तुला सांगत नाही कर म्हणून. सांगायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण तू केलंस, तर मी बाहेर निर्धास्त बसेन… एवढंच सांगते.”

बारक्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स कागद घेऊन आली आणि तिनं विचारलं, “सर्दी, खोकला, काही?” तेव्हा दादानं खोकला नाही हे तर सांगितलंच, पण लहानपणी गोवर आला होता, डावा गुडघा दुखतो, झोपेत घोरतो आणि काल रात्री भीतीनं झोप लागली नाही, हेही सांगितलं. नर्सला हसू आवरेना. “काका, पुरे! घोरायचं लिहायला इथे जागाच नाही!” बारक्या मागे उभा होता. त्यानं पुढे येऊन तेच प्रश्न एकेक करून पुन्हा विचारले, आणि दादानं एकेक करून पुन्हा उत्तरं दिली.

पुन्हा ते हिरवं कापड. पुन्हा ती यंत्राची किरकिर. मात्र आता दादाला एकही डोळा नव्हता. जे काही होतं ते कानांत एकवटलं होतं. सुरुवातीला बारक्याचा श्वास जड होता. दादाला तो ऐकू येत होता. मग हळूहळू तो श्वास सम झाला, सूचना तुटक आणि स्पष्ट येऊ लागल्या, आणि दादाला कळलं… पोरगा केबिनमध्ये बसला! त्याची नजर भारावर लागली!

आणि मध्येच सगळं थांबलं.

यंत्र बंद. मोठ्या बाईंचं स्टूल किंचित पुढे सरकल्याचा आवाज आला. दादानं नर्सचा हात दाबला नाही. तो दगडासारखा निश्चल पडून राहिला.

“दादा,” बारक्याचा आवाज आला. अगदी जवळून, अगदी शांत. “पडदा एके ठिकाणी घट्ट चिकटून बसलाय. सोडवताना थोडं रक्त आलंय. थांबेल ते. मला दहा मिनिटं जास्त लागतील. तू फक्त पडून राहा.”

“लागू देत,” दादा कापडाखालून पुटपुटला. “मला कुठे जायचंय?”

कुणीतरी हसलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. दहाची वीस मिनिटं झाली असतील. मग लेझरचे टिकटिक आवाज, मग डोळ्यात वायू भरल्याचं कुणीतरी बोललं, आणि त्यानंतर मोठ्या बाईंचा तो फटकळ आवाज, जरा घोगरा झालेला:

“झालं. माझे हातमोजे फुकट गेले.”

बाहेर वहिनी बाकावर बसली होती. बारक्या दार उघडून तिच्यासमोर आला. त्यानं नुसती होकारार्थी मान हलवली, आणि तिनं त्याला लहानपणी जवळ घ्यायची तसं पोटाशी धरलं.

डोळ्यातल्या वायूच्या फुग्यानं पडदा दाबून धरायचा, म्हणून दादाला आठवडाभर पालथं राहायचं होतं. दिवसरात्र तोंड खाली! पलंगाच्या कडेबाहेर चेहरा काढून तो पडून असे आणि त्याला धूसर फरशीखेरीज काही दिसत नसे. बारक्या काम संपवून घरी येई आणि सरळ फरशीवर उताणा झोपे, दादाच्या तोंडाखाली, म्हणजे समोरासमोर बोलता येईल! “अहो डॉक्टरसाहेब, उठा, फरशी गार आहे,” वहिनी ओरडे; आणि मग स्वतःच त्याच्या डोक्याखाली उशी सरकवून जाई. दोघं भाऊ असे तासन् तास बोलत पडत. इतकं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. बारक्याच्या लहानपणी एकाला सदैव बंदरावरची पाळी असायची आणि दुसऱ्याला सदैव परीक्षा.

पुढच्या दिवसांत उठून बसायची परवानगी मिळाली. फुगा विरत चालला तशी नजर वरून खाली उघडत गेली, टाकीतलं पाणी उतरत जावं तशी. पहिल्या दिवशी दादाला बारक्याचे फक्त केस दिसले, आणि त्यांत भांगाशी पांढऱ्या बटा होत्या! चार महिन्यांपूर्वी त्या नव्हत्या. दादानं त्यांच्यावरून हात फिरवला. मग कपाळ दिसलं. मग डोळे. आणि एका सकाळी सबंध चेहरा, हनुवटीवरच्या दाढीच्या खुंटांसकट, लख्ख! त्या दिवशी वहिनीनं त्याच्यासमोर येऊन विचारलं, “आणि मी?” तर तो म्हणाला, “तू रडलेली दिसतेस,” आणि ती खरंच रडत होती.

त्यानंतर महिन्याभरानं बारक्याच्या नावानं पुन्हा ऑपरेशनची यादी लागली. पहिला पेशंट कुणी मालवाहू गाडीचा ड्रायव्हर होता. दादाची त्या दिवशी तपासणी नव्हती, तरी तो आला आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिला. शेजारी त्या ड्रायव्हरची मुलगी बसली होती, वीसएक वर्षांची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. तिनं दादाच्या पांढुरक्या उजव्या डोळ्याकडे चोरून पाहिलं आणि न राहवून विचारलं, “काका, तुमचं ऑपरेशनही याच डॉक्टरांनी केलं?”

“दोन्ही डोळ्यांचं.”

तिच्या मनात काय आलं ते दादाला स्पष्ट दिसलं. पूर्वीचा दादा असता तर त्यानं छाती फुगवून काहीतरी ठोकून दिलं असतं.

“हा गेला, त्यात माझी चूक होती आणि थोडं नशीब होतं,” तो म्हणाला. “ते कसं, ते हवं तर सगळं सांगतो, लपवत नाही. हा दुसरा मात्र जाता जाता त्यानं परत आणला. तेव्हा माझ्याकडे हा एकच उरला होता, पोरी. तरी मी त्याच्याकडेच आलो.”

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. तिची बोटं थांबली.

तेवढ्यात दार उघडलं. बारक्या बाहेर आला. कपाळावर टोपीचा वळ, डोळे थकलेले. दादा नकळत अर्धा उठला. पण बारक्याचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. तो सख्ख्या भावाच्या अगदी समोरून, परक्यासारखा चालत गेला, त्या मुलीपाशी थांबला, तिच्या उंचीला यावं म्हणून बाकासमोर खाली बसला आणि म्हणाला, “तुझे वडील ठीक आहेत. आता मी काय काय केलं ते नीट सांगतो, आणि पुढे काय होऊ शकतं तेही. न समजलं तर पुन्हा विचार.”

दादा हळूच परत खाली बसला. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं… आणि त्याचं ऊर अभिमानानं असं भरून आलं, की त्याला भिंतीला पाठ टेकावी लागली.